काचेवरचे पांढरे ठिपके

या मालिकेत माझ्याआधी जे बोलले त्यांनी मोठमोठे विषय घेतले. माझा विषय एक मिलिमीटरचा आहे, कधी कधी त्याहूनही कमी.

मी कोलकात्यात राहणारा एक निवृत्त फौजी. शेवटचं पोस्टिंग इथल्याच फोर्ट विल्यममध्ये, पूर्व कमांडच्या मुख्यालयात. त्या किल्ल्याचं नाव आता विजय दुर्ग झालंय, आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या विजयदुर्गावरून, त्यामुळे इथल्या मराठी मंडळींची मान हल्ली थोडी ताठ असते. निवृत्तीनंतर पुण्याला परतायचं ठरलं होतं, पण मुलगी इथे स्थायिक झाली, नातू झाला आणि आम्ही न्यू टाउनमध्येच राहिलो. समुद्राच्या पाण्याचा फिशटँक घरात ठेवायला लागून मला नऊ वर्षं झाली. त्यामुळे ओळखीचे आणि ओळखीच्यांचे ओळखीचे फोन करतात. सगळ्यात जास्त वेळा येणारा फोन असा असतो: "सर, नवीन टँक लावून महिना झाला. काचेवर पांढरे ठिपके दिसतायत आणि ते हलतायत. किडे पडलेत. सगळं पाणी फेकून देऊ का?"

नका फेकू. आज मी एवढंच सांगायला आलोय. पण का नको, हे सांगायला थोडा वेळ लागेल.

ते ठिपके कोण आहेत हे कोकणातल्या माणसाला समजावणं सोपं. जवळा माहीत आहे ना? तोच, ज्याची सुकट होते आणि जी भाजायला घेतली की शेजारच्या तीन घरांना कळतं. जवळा, कोलंबी, कुर्ल्या, शेवंड हे सगळे एका खानदानातले. अंगावर कवच, पायांना सांधे, आणि वाढायचं असलं की जुनं कवच टाकून नवीन घालायचं. पुस्तकात यांना कवचधारी म्हणतात. काचेवरचे ठिपके हे याच खानदानातलं शेंडेफळ, त्यांचं नाव कोपेपॉड. ग्रीक भाषेत याचा अर्थ होतो वल्ह्यासारखे पाय असलेला. भिंगातून बघा, खरंच वल्हं मारल्यासारखा झटके देत पुढे जातो. याच्या तेरा हजारांच्या आसपास जाती माहीत आहेत. समुद्रात आहेत, तळ्यात आहेत, विहिरीत आहेत.

विहिरीतला कोपेपॉड आपल्या पणजोबांनी ओळखला नव्हता, पण भोगला होता. नारू आठवतो? तरुण मंडळींनी नावही ऐकलं नसेल. पायाला फोड यायचा, तो फुटला की आतून दोऱ्यासारखा जंत डोकावायचा आणि तो काडीवर रोज थोडा थोडा गुंडाळून बाहेर काढावा लागायचा. कधी कधी चांगला हातभर, दोन हात लांब. तो पोटात जायचा कसा? पायऱ्यांच्या विहिरीत लोक उतरायचे, फोड आलेला पाय पाण्यात बुडायचा, जंताची पिल्लं पाण्यात सुटायची आणि ती सायक्लॉप्स नावाचा एक कोपेपॉड गिळायचा. तो सायक्लॉप्स मग कुणाच्या तरी घागरीतून घरी यायचा. पाणी दुहेरी फडक्यातून गाळलं की काम झालं, कारण सायक्लॉप्स कापडातून जात नाही. देशात नारूचा शेवटचा रुग्ण १९९६ साली राजस्थानात सापडला आणि २००० साली जागतिक आरोग्य संघटनेनं भारत नारूमुक्त झाल्याचं प्रमाणपत्र दिलं. गाळण्याच्या फडक्यानं जिंकलेली एवढी मोठी लढाई मला दुसरी माहीत नाही, आणि तिचं कुठे स्मारकही नाही.

हे मी मुद्दाम सांगतोय, कारण माझा पेशाच तो होता. मी सॅपर. दापोडीच्या कॉलेज ऑफ मिलिटरी इंजिनिअरिंगमध्ये शिकलो, आणि पुढे जिथे तुकडी जाईल तिथे वॉटर पॉइंट उभा करणं हे आमच्या कामांपैकी एक. नदी असो, ओढा असो, डबकं असो, पाणी उपसायचं, गाळायचं आणि ब्लिचिंग पावडर घालायची. किती घालायची हे ठरवायला हॉरॉक्स साहेबांची पेटी असते. सहा पांढरे कप, एक काळा कप, वाढत्या मात्रेत औषध, आणि निळा रंग पहिल्यांदा कुठल्या कपात येतो ते बघायचं. जवान पितील त्या पाण्यात जिवंत असं काही उरता कामा नये, यासाठी मी तीस वर्षं पगार घेतला.

आता घरात दोनशे लिटर पाणी आहे आणि त्यात जिवंत असं जास्तीत जास्त काय राहील याची मी चिंता करतो. माझी बायको म्हणते, पेन्शनमध्ये माणसं प्रायश्चित्त घेतात ती अशी.

या छंदाला लागल्यावर मला एक गोष्ट कळली आणि फार बरं वाटलं. या ठिपक्यांचा आपल्या समुद्रातला पहिला मोठा हिशोब मांडणारा माणूस कोलकात्यात बसलेला होता, आणि तो आमच्याच बिरादरीतला होता. रॉबर्ट बेरेस्फोर्ड सीमोर सुएल. इंडियन मेडिकल सर्व्हिसचा डॉक्टर, पुढे लेफ्टनंट कर्नल. १९१० साली त्याला सर्जन नॅचरलिस्ट नेमलं. म्हणजे सर्वेक्षणाच्या जहाजावर डॉक्टरकी करायची आणि जाळ्यात येईल ते तपासायचं. इन्व्हेस्टिगेटर हे ते जहाज. चौरंगीवरच्या इंडियन म्युझियमचा प्राणिशास्त्र विभाग वेगळा काढून १९१६ साली झूलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडिया स्थापन झाला, त्याचं मुख्यालय आजही कोलकात्यातच आहे. सुएल १९२५ ते १९३३ त्याचा संचालक होता. चिलिका सरोवरातले कोपेपॉड त्यानं तपासले, आणि भारतीय समुद्रांतल्या कोपेपॉडांवरचा त्याचा ग्रंथ १९२९ आणि १९३२ अशा दोन भागांत म्युझियमच्या मालिकेतून निघाला. सुईच्या टोकाएवढ्या प्राण्याचा पाचवा पाय कसा वळलाय यावरून जात ओळखायची, आणि तेही कलकत्त्याच्या उकाड्यात, सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून! पलटणीतल्या पोरांना मी एकदा हे सांगितलं असतं तर ती हसली असती. पण समुद्रातला प्रत्येक मासा कुठल्या ना कुठल्या वयात या ठिपक्यांवर, किंवा ठिपके खाणाऱ्यांवर जगतो. रसद कुठून येते हे ज्याला कळलं त्याला अर्धं युद्ध कळलं, एवढं फौजेत तरी मानतात.

आता मूळ मुद्द्यावर येतो.

आमच्या खालच्या मजल्यावर एक मुलगा राहतो. आयटीत आहे. मला 'काकू' म्हणतो. बंगालीत काकू म्हणजे काका, पहिल्या वेळी माझ्या बायकोनं "ओ" दिली होती. त्याची आजी, इथे ठाकुमा म्हणतात, ऐंशी पार केलेली. दोन वर्षांपूर्वी तिला पक्षाघाताचा झटका आला आणि ती अंथरुणाला खिळली. डॉक्टर म्हणाले, नजरेसमोर काहीतरी हलतं ठेवा. टीव्ही तिला आवडत नाही. म्हणून नातवानं तिच्या पलंगासमोर समुद्री टँक लावला. हौसेनं, चांगले पैसे घालून. दुकानदारानं सांगितलं, पाणी भरा, मीठ घाला, ही बाटली ओता, दोन दिवस फिल्टर चालवा आणि तिसऱ्या दिवशी मासे घेऊन जा. त्यानं सात मासे आणले. त्यात एक निळाभोर डॅमसेल होता, तो ठाकुमाचा लाडका झाला. सहाव्या दिवशी सातही मेले. मुलगा माझ्याकडे आला तेव्हा त्याचा प्रश्न टँकबद्दलचा नव्हताच. तो म्हणाला, "काकू, ती सकाळपासून विचारतेय, निळा मासा कुठे गेला. काय सांगू?"

मासे का मेले? कारण अगदी साधं आहे. मासा खातो, आणि त्याच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून अमोनिया बाहेर पडतो. समुद्र मोठा, त्यात हे विष विरून जातं आणि ते खाणारे जिवाणू सगळीकडे असतात. नवीन टँकमध्ये ते नसतात. शिवाय समुद्राचं पाणी अल्कधर्मी, पीएच आठच्या थोडा वर. गोड्या, साध्या सातच्या पाण्यात जेवढा अमोनिया मासा निभावून नेतो, तेवढाच अमोनिया खाऱ्या पाण्यात कितीतरी पट जहाल होतो, कारण त्याचा विषारी भाग पीएचबरोबर वाढतो. म्हणून गोल्डफिश जिथे लंगडत का होईना जगेल, तिथे समुद्री मासा जगत नाही.

हा अमोनिया खाणारे जिवाणू आहेत. एक टोळी अमोनियाचं नायट्राइट करते, दुसरी टोळी नायट्राइटचं नायट्रेट करते. नायट्रेट बराच सौम्य, पाणी बदलून काढता येतो. सेर्गेई विनोग्राड्स्की या रशियन शास्त्रज्ञानं १८९० च्या सुमारास हे जिवाणू वेगळे करून दाखवले. अडचण अशी की हे कामगार आळशी नाहीत, पण त्यांचं कुटुंब हळू वाढतं. दूध नासवणारे जिवाणू अर्ध्या तासाच्या आत दुप्पट होतात. यांना दुप्पट व्हायला चांगल्या हवापाण्यातही कित्येक तास, कधी एक-दोन दिवस लागतात. म्हणून चार ते सहा आठवडे. याला टँक सायकल करणं म्हणतात. बाटलीतल्या जिवाणूंनी यात काही दिवस वाचतात, चांगली बाटली असेल तर बरेच वाचतात. पण तिसऱ्या दिवशी सात मासे? ते दुकानदाराचं गणित आहे, पाण्याचं नव्हे.

फौजेत पलटण एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी हलते तेव्हा आधी अ‍ॅडव्हान्स पार्टी जाते. वीस-पंचवीस माणसं. ती पाण्याची सोय बघतात, संडासाचे चर खणतात, लंगर उभा करतात. मागून पलटण येते. आधी पलटण उतरवून मग चर खणायला घेतले तर काय होईल ते सांगायला अधिकारी असावं लागत नाही. मी त्या मुलाला म्हटलं, तू पलटण आधी उतरवलीस. आता अ‍ॅडव्हान्स पार्टी पाठवू.

तो म्हणाला, "सहा आठवडे? काकू, ठाकुमाकडे किती आठवडे आहेत ते मला माहीत नाही."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. पण पुन्हा मासे आणले असते तर तिच्या डोळ्यांसमोर पुन्हा मेले असते, हेही खरं होतं. आम्ही कामाला लागलो.

दोनशे लिटरचा टँक. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे पस्तीस ग्रॅम मीठ असतं, म्हणजे सात किलोहून थोडं जास्त मीठ लागतं. स्वयंपाकाचं नव्हे, समुद्री टँकसाठी तयार मिळतं ते, कारण त्यात मॅग्नेशियम, कॅल्शियम असं बरंच काही असतं. बरेच जण विचारतात, दीघ्याहून कॅन भरून आणलं तर? तिथलं पाणी हुगळीच्या गाळानं गढूळ असतं, तो नाद सोडा. रत्नागिरी-मालवणच्या मंडळींची गोष्ट निराळी, त्यांनी स्वच्छ खडकाळ किनाऱ्यावरून पाणी आणावं, त्यांना अर्धी अ‍ॅडव्हान्स पार्टी फुकट मिळते. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन आधी काढायचं. मी आरओचं पाणी वापरतो.

मग जिवाणूंना खायला अमोनिया हवा. कुणी कोलंबीचा तुकडा टाकून कुजू देतं. त्यानं काम होतं, पण घरात वास सुटतो, आणि आजारी माणसाच्या खोलीत ते बरं नव्हे. मी नवसागर वापरतो. कल्हईवाला भांड्यात टाकतो आणि पांढरा धूर निघतो तोच नवसागर, अमोनियम क्लोराइड. फक्त कल्हईवाल्याकडचा नको, त्यात काय काय मिसळलेलं असतं देव जाणे. प्रयोगशाळेत वापरतात तो शुद्ध घ्यायचा. दोनशे लिटरला सव्वा ग्रॅम. त्यानं पाण्यात लिटरमागे दोन मिलिग्रॅम अमोनिया होतो. एक ताकीद: नवसागर आणि ब्लिचिंग पावडर एकमेकांजवळही येऊ देऊ नका, त्यांच्यापासून निघणारा वायू छातीला वाईट.

रोज संध्याकाळी टेस्ट किटनं मोजायचं आणि वहीत लिहायचं. पहिले दहा-बारा दिवस अमोनिया हलला नाही. मुलगा रोज तोंड पाडून आकडा सांगायचा. मग अमोनिया उतरायला लागला आणि नायट्राइट चढलं. मग दुसऱ्यांदा नवसागर. पाचव्या आठवड्यात नवसागर घातल्यावर चोवीस तासांत अमोनियाही शून्य आणि नायट्राइटही शून्य. जिवाणूंची तुकडी हजर झाली होती.

या सगळ्या काळात ठाकुमासमोर काय होतं? दिवे, पाणी आणि दगड. त्या दगडांबद्दल सांगतो. परदेशी व्हिडिओंमध्ये प्रवाळाचा जिवंत दगड टाकताना दाखवतात, त्यातून जिवाणू आणि कवचधारी दोन्ही आयते येतात. आपल्याकडे प्रवाळाला वन्यजीव संरक्षण कायद्यानं २००१ पासून वाघाच्या बरोबरीचं संरक्षण आहे. किनाऱ्यावरून प्रवाळ उचलून आणणं हा गुन्हा आहे, कुणी "थोडंसं आहे" म्हणून विकत असेल तरी. आम्ही सिरॅमिकचे सच्छिद्र दगड वापरले. त्यामुळे कोपेपॉड आपोआप येण्याचा प्रश्न नव्हता. ते आणावे लागणार होते.

आपल्याकडे विरजण कसं मागून आणतात? वाटी घेऊन शेजारी जायचं. इथे तेच. माझ्या टँकच्या मागच्या कप्प्यात तारेच्या घासणीसारखं गुंतलेलं हिरवं शेवाळ वाढतं, त्यात हे सगळे लपून राहतात. ते मूठभर शेवाळ मी भांड्यात घालून खाली नेलं. पण दूध उकळतं असताना विरजण घालत नाहीत, तसं अमोनिया शून्यावर आल्याशिवाय कोपेपॉड सोडायचे नाहीत. दुसरी गोष्ट, त्यांना खायला हवं. नवीन टँकमध्ये चौथ्या-पाचव्या आठवड्यात काचेवर, दगडावर तपकिरी भुकटीसारखा थर चढतो. लोक तो घाण म्हणून पुसतात. ते डायटम, एकपेशीय शैवाल. हेच कोपेपॉडचं गवत. समोरची काच पुसा, बघायची आहे म्हणून. मागची आणि बाजूची सोडून द्या.

पहिल्या आठवड्यात काहीच दिसलं नाही. हे प्राणी दिवसा दडी मारतात. रात्री दिवे बंद करून तासभर थांबायचं, मग टॉर्च मारायची. मी काचेच्या कोपऱ्यात मार्करनं पोस्टकार्डाएवढा चौकोन आखला आणि मुलाला सांगितलं, आठवड्यातून तीन रात्री दहा वाजता या चौकोनातले ठिपके मोज. वहीत लिही. पहिल्या मोजणीत चार. दोन आठवड्यांनी तीस-पस्तीस. त्यांच्या बऱ्याच जातींची एक पिढी साधारण दोन आठवड्यांत तयार होते, त्यामुळे एकदा घडी बसली की आकडा झपाट्यानं वाढतो. त्यांच्यात मोठे, वाकडे, आडवे होऊन पळणारे काही दिसले, ते अ‍ॅम्फिपॉड. तेही त्याच खानदानातले, उरलेलं अन्न आणि कुजकं शेवाळ साफ करणारे. ठिपके वाढतायत याचा अर्थ पाण्यात आता विष नाही, खायला आहे, आणि अंडी घालण्याइतकी खात्री आहे. टेस्ट किट तीन गोष्टी मोजतं. हा प्राणी सगळ्याच गोष्टी मोजतो, आणि पटलं नाही तर मरतो.

एका रात्री टॉर्चच्या उजेडात ठाकुमानं ते पाहिले. तिची उजवी बाजू चालत नाही, पण नजर शाबूत आहे. म्हणाली, "ए तो कुचो चिंगडी!" म्हणजे बारीक कोलंबी. नाळ बरोबर ओळखली. मग तिनं विचारलं, तळायला किती लागतील. दोन महिन्यांत ती पहिल्यांदा चेष्टेत बोलली, असं मुलगा म्हणाला. त्यानंतर रोज दहा वाजता टॉर्च लावायची तिची फर्माईश असायची. मोजणीत ती आणि नातू भांडायचे. तिचा आकडा नेहमी जास्त.

कोलकात्यात हे सगळं सांगताना मला एक गंमत वाटते. या शहराला टँक सायकल करणं नवीन नाही. पूर्वेला, आमच्या घरापासून फार लांब नाही, पूर्व कोलकाता पाणथळ आहे, साडेबारा हजार हेक्टरांची. २००२ पासून रामसर यादीत आहे. एकेकाळी इथे भरतीचं खारं पाणी यायचं, म्हणून तर बाजूच्या वस्तीचं नाव सॉल्ट लेक. पुढे विद्याधरी नदी गाळानं मेली, खारं पाणी आटलं, आणि तिथल्या लोकांनी शहराचं सांडपाणी घेऊन मासे वाढवायला सुरुवात केली. त्या तळ्यांना भेडी म्हणतात. धृबज्योती घोष नावाचे सरकारी अभियंते होते, २०१८ साली गेले. शहराचं मैलापाणी जातं कुठे याचा शोध घेत ते १९८० च्या दशकात या भेड्यांपर्यंत पोचले, आणि जे सांडपाणी केंद्र बांधायला कोट्यवधी लागतात ते इथले मासेमार फुकटात चालवतायत हे त्यांनी जगाला दाखवलं. एक इंजिनिअर म्हणून मी त्यांना मानतो.

भेडीवाला काय करतो? तळं रिकामं करून वाळवतो. मग सांडपाणी घेतो आणि थांबतो. उथळ पाणी, वर ऊन. जिवाणू घाण फोडतात, शेवाळ हिरवं होतं, त्यावर पाण्यातले बारीक कवचधारी वाढतात, सायक्लॉप्ससुद्धा. पाण्याचा रंग आणि वास बघून म्हातारे मासेमार सांगतात, अजून नाही. मग आधी थोडे मासे सोडून बघतात, ते टिकले की बाकीचे. बंगाली लग्नात मिरवणारा कातला वरच्या थरात राहून हेच बारीक प्राणी खातो. ज्यानं आपल्या पणजोबांना नारू दिला त्याच्याच भाऊबंदांनी हा जावयाचा मासा पोसलाय.

इथे एखादा म्हणेल, भेडीवालाही आधी थोडे मासे सोडतो ना, मग दुकानदारानं डॅमसेल सोडायला सांगितला तर बिघडलं कुठे? बिघडलं हे की भेडीवाला आधी थांबतो आणि मग सोडतो. आणि रोहू-कातल्याचं बोटुकलं हॅचरीत जन्मलेलं असतं. समुद्री टँकमधले बहुतेक मासे प्रवाळावरून जाळ्यानं पकडून आणलेले असतात. गालिफ स्ट्रीटच्या रविवारच्या बाजारात गप्पी मेला तर हावड्याच्या एखाद्या घरामागच्या हौदात दुसरा तयार आहे. डॅमसेल मेला तर दुसरा समुद्रातून आणावा लागतो. आपल्या घाईची किंमत इथे लांबचं प्रवाळ भरतं.

म्हणून नवव्या आठवड्यात आम्ही जे पहिले मासे आणले ते हॅचरीत जन्मलेले क्लाउनफिश, एक जोडी. आता हे आपल्याकडेही होतंय. ऐरोलीला, महाराष्ट्र कांदळवन कक्षाच्या केंद्रात, क्लाउनफिशची पैदास चालते आणि किनाऱ्यावरच्या लोकांना ते वाढवायला देतात. पिल्लांचं तोंड इतकं बारीक की पहिल्या दिवसांत त्यांना जिवंत आणि सूक्ष्म असंच काही लागतं. म्हणजे हॅचरीवालाही शेवटी माझ्यासारखाच, आधी खाणं वाढवतो, मग मासा.

दोन धोक्यांच्या गोष्टी सांगून टाकतो, कारण यावरून फोन फार येतात. माशांवर पांढरे डाग आले की दुकानात तांब्याचं औषध देतात. मासा कदाचित वाचेल, पण तांबं कवचधाऱ्यांना मारतं. औषध द्यायचं तर वेगळ्या भांड्यात द्या. दुसरं, डेंग्यूच्या दिवसांत घरात डासांचा फवारा मारतात. त्यातली बरीच औषधं कवचधाऱ्यांच्या जिवावर उठतात. फवारणीवाला आला की टँक ओल्या चादरीनं झाका आणि हवेचा पंप बंद करा, खोली मोकळी झाल्यावर चालू करा. त्या मुलाच्या घरी गेल्या पावसाळ्यात सोसायटीचे फवारणीवाले न सांगता आले. ठाकुमानं डाव्या हातानं पलंगावरची घंटी वाजवून घर डोक्यावर घेतलं. "आमार चिंगडी," एवढंच म्हणत होती.

क्लाउनफिशला तिनं नावं ठेवलीत. निळ्या माशाबद्दल ती आता विचारत नाही. विसरली का, हे विचारायचं धाडस आमच्यापैकी कुणी केलेलं नाही.

सध्या वाद मँडरिन माशावरून चालू आहे. निळा-नारिंगी, मखमली शालू नेसल्यासारखा. ठाकुमानं त्याचं चित्र पाहिलंय. नातू म्हणतो आणू या. पण मँडरिन दिवसभर टिपत फिरतो तो जवळजवळ फक्त हेच ठिपके, आणि लहान टँकमधले ठिपके महिन्याभरात संपवून मग उपाशी मरतो. भरल्या टँकमध्ये, सगळ्यांच्या समोर, हळूहळू. मी सांगितलंय, मागे अजून एक कप्पा लावा, त्यात शेवाळ वाढवा, क्लाउनफिशला तिथे जाता येणार नाही अशी जाळी बसवा, आणि सहा महिने चौकोनातली मोजणी चालू ठेवा. आकडा शंभराच्या खाली एकदाही आला नाही तर बोलू. आज चौथा महिना चालू आहे. परवा एकशे बारा होते. ठाकुमाच्या मते दीडशे.